सेफ्टी परत लावण्याचा प्रश्न

रायफलीची चर्चा निघाली की पल्ला, काडतुसाचा व्यास, वजन आणि किंमत यांवर बोललं जातं. अंगठ्याखाली येणाऱ्या एका छोट्या दांडीबद्दल सहसा कुणी बोलत नाही. चाप मोकळा आहे की अडवलेला, हे ठरवणारी ही दांडी म्हणजे सेफ्टी सिलेक्टर. अमेरिकेत एआर-१५ जातीच्या रायफलींसाठी सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांनी या दांडीचा फिरण्याचा कोन कमी केला आहे. पूर्वी ती ‘सेफ’वरून ‘फायर’वर न्यायला पूर्ण काटकोनात, म्हणजे ९० अंश फिरवावी लागे. नव्या रचनेत ४५ ते ६० अंशांत काम होतं. या भागांची जाहिरात वेगाच्या नावाने होते: सेफ्टी लवकर निघते, पहिली गोळी लवकर सुटते. माझ्या मते हा फायदा खरा असला तरी क्षुल्लक आहे. कमी कोनाच्या सिलेक्टरचं खरं मोल सेफ्टी काढण्यात नसून ती परत लावण्यात आहे, आणि शस्त्र बाळगणाऱ्याच्या आसपास वावरणाऱ्या माणसांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे.

आधी यंत्रणा पाहू. यूजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात आर्मालाइट कंपनीत आखलेल्या एआर-१० आणि एआर-१५ या रायफलींत चापाच्या वर, सांगाड्याच्या आरपार, सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीचा एक पोलादी दंडगोल आडवा बसवलेला असतो. चाप मागे ओढला की त्याचं मागचं शेपूट वर उचललं जातं. सिलेक्टर ‘सेफ’वर असताना दंडगोलाचा भरीव भाग त्या शेपटावर येतो. शेपूट उचलायला जागाच उरत नाही, त्यामुळे चाप जागचा हलत नाही. दांडी फिरवली की दंडगोलाचा खाचलेला भाग खाली येतो, शेपटाला जागा मिळते आणि चाप ओढला जातो. दंडगोलाच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात आणि खालून स्प्रिंगने रेटलेली टोकदार पिन त्यांत बसते. दांडी ‘टक्’ करून जागेवर थांबते ती या पिनेमुळे. ‘सेफ’वर दांडी आडवी, ‘सेमी’वर उभी. लष्करी एम-१६मध्ये आणखी काटकोनात ‘ऑटो’, म्हणजे एकूण १८० अंशांचा फेरा. या रचनेत आतला हॅमर, म्हणजे गोळी सोडण्यासाठी आघात करणारा भाग, चढलेला नसेल तर दांडी ‘सेफ’वर जातच नाही. कमी कोनाच्या सिलेक्टरमध्ये तत्त्व हेच राहतं. खाच आणि खळगे मात्र एकमेकांजवळ आणलेले असतात.

आता अंगठा काय करतो ते पाहा. उजव्या हाताने मूठ धरलेली असताना सांगाड्याच्या डाव्या बाजूची दांडी खाली दाबणं सोपं आहे. अंगठा वरून येतो आणि पेरातला जोर खाली लावतो. पण काटकोनात फिरलेली दांडी आता उभी झाली, तिचं टोक मुठीच्या अगदी जवळ खाली गेलं. ती परत वर न्यायची तर अंगठा तिच्या खालून घालून उलट्या दिशेने उचलावा लागतो, आणि अंगठ्यात त्या दिशेने फारसा जोर नसतो. हात लहान असेल, हातमोजा जाड असेल किंवा घामाने पकड सैल झाली असेल, तर माणूस मुठीवरची पकडच बदलतो, रायफल थोडी कलते, नजर लक्ष्यावरून खाली दांडीकडे जाते. डावखुऱ्याची अडचण आणखी मोठी. दांडी एकाच बाजूला असेल तर त्याचा अंगठा सांगाड्याच्या दुसऱ्या अंगाला राहतो, आणि त्याला तर्जनीने किंवा पकड सोडून हे काम करावं लागतं. कोन ४५ अंशांवर आणला की दांडी इतकी खाली जातच नाही. तिरक्या अवस्थेत ती अंगठ्याच्या टप्प्यात राहते आणि पकड न हलवता परत वर सरकते. दोन्ही बाजूंना दांडी दिली, तर डावखुऱ्यालाही तेवढंच सोपं. अमेरिकेच्या विशेष दलांसाठी बेल्जियमच्या एफएन कंपनीने बनवलेल्या स्कार रायफलीत दोन्ही बाजूंना दांडी आणि ४५ अंशांचे टप्पे मुळातूनच आहेत, त्यामुळे ही कल्पना केवळ हौशी लोकांच्या बाजारातली म्हणता येत नाही.

सेफ्टी परत लावण्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर रायफल प्रत्यक्षात कशी वापरली जाते त्यात आहे. गोळी झाडण्याचे क्षण थोडे असतात. बाकी सगळा वेळ धावणं, वाकणं, भिंतीआड बसणं, जिना चढणं, सोबत्याला हात देणं यात जातो. प्रत्येक हालचालीत पट्टा, खिशाचं बटण, झाडाची फांदी, कुणाचं बोट चापाशी येऊ शकतं. म्हणून नेम धरलेला नसेल त्या प्रत्येक क्षणी सेफ्टी लागलेली हवी, असं चांगलं प्रशिक्षण सांगतं. म्हणजे एका चकमकीत किंवा एका सरावात ती दांडी अनेकदा खालीवर होणार. अमेरिकेत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तीन शस्त्रांनी खेळल्या जाणाऱ्या थ्री-गन स्पर्धांत घड्याळ चालू असतानाच एक शस्त्र खाली ठेवून दुसरं घ्यावं लागतं, आणि भरलेली रायफल सेफ्टी न लावता ठेवली तर स्पर्धक बाद होतो. कमी कोनाचे सिलेक्टर या खेळाडूंना आवडतात त्यामागे हे मोठं कारण आहे. सुरक्षिततेची साधनं वापरायला अवघड असली की माणसं ती टाळतात, हे आपण मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेल्या हेल्मेटवरून रोज पाहतो. परत लावायला जड जाणारी सेफ्टी ‘आता पुन्हा लगेच लागेलच’ या विचाराने तशीच उघडी राहते.

यावर कुणी म्हणेल की हा शिस्तीचा प्रश्न आहे, दांडीचा नाही. शिपाई नीट घडवला तर कोणतीही सेफ्टी चालेल. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण शस्त्रांच्या जगात चुकीचं खापर माणसावर फोडायची सवय जुनी आहे. पण विमानांच्या क्षेत्राने हा वाद फार पूर्वी निकालात काढला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं उतरल्यावर वैमानिक पंखाचे फ्लॅप उचलण्याऐवजी चाकंच आत घेत आणि विमान पोटावर बसे. आल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं की दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे आहेत. त्याने चाकाच्या खटक्याला चाकासारखी मूठ लावली, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी. वैमानिक तेच होते, बदलली होती ती खटक्याची मूठ. पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदल्या गेलेल्या ४६० प्रसंगांची छाननी केली. त्यांत एका नियंत्रकाऐवजी दुसरा हाताळल्याच्या चुकांचा गट सर्वांत मोठा निघाला. याच फिट्स यांनी १९५४ साली दाखवून दिलं की हाताला जितकं दूर जावं लागतं आणि लक्ष्य जितकं लहान असतं तितका हालचालीला वेळ जास्त लागतो. रायफलीची दांडी हे विमानाच्या खटक्याहून साधं प्रकरण आहे, पण धडा तोच: घाबरलेला, दमलेला, घाईतला माणूस तेच बरोबर करतो, जे करायला सोपं ठेवलेलं असतं. शिस्तीने अवघड दांडीवर मात करता येते हे खरं. पण मग त्या शिस्तीचा मोठा हिस्सा दांडीशी झगडण्यातच खर्च होतो.

जुन्या रायफली पाहिल्या तरी सेफ्टीची जागा आणि फेरा यांची अडचण कारागिरांना कायम जाणवत होती असं दिसतं. १८९८च्या माउझरची सेफ्टी बोल्टच्या मागे पंखासारखी १८० अंश फिरे. वर दुर्बीण बसवायला लागले तेव्हा तो पंख तिला अडू लागला आणि बुटक्या सेफ्टी घडवाव्या लागल्या. एम-१ गॅरँडची सेफ्टी चापाच्या कडीतच होती, म्हणजे ती काढायला बोट चापाजवळ न्यायचं. एके-४७ची लांब पट्टी उजव्या बाजूला. वर सेफ, मध्ये ऑटो, खाली सिंगल. ती धूळ अडवण्याचंही काम करते आणि म्हणूनच मोठी आहे, पण तिच्यापर्यंत मुठीवरचा अंगठा पोचत नाही, शिवाय ती खणखणीत वाजते. एकेच्या धर्तीवर गलिल रायफल बनवताना इस्रायलने डाव्या बाजूला अंगठ्यासाठी वेगळी दांडी दिली ती याच कारणाने.

तांत्रिक आक्षेप मात्र डावलता येणार नाहीत. लवकर निघणारी सेफ्टी नकळतही निघेल, ही पहिली भीती. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धंच. दांडी आपोआप सरकणार की नाही हे मुख्यतः पिनेच्या स्प्रिंगचा जोर, खळग्याची खोली आणि दांडी बाहेर किती आली आहे यावर ठरतं. ४५ अंशांची दांडी घट्ट खळग्यात बसलेली असेल तर ती ९० अंशांच्या सैल दांडीपेक्षा भरवशाची. तरीही पट्ट्यात अडकून कमी अंतर ढकलली गेली तर ती पुरती उघडेल, हा धोका मी नाकारत नाही. कोन कमी करणाऱ्या कारागिराने खळगा खोल आणि दांडी आखूड केलीच पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोन कमी केला की दंडगोलाची खाच शेपटाच्या जवळ येते आणि चुकीला वाव कमी राहतो. एका कंपनीचा चाप आणि दुसऱ्या कंपनीचा सिलेक्टर यांचं जुळलं नाही, तर ‘सेफ’वर असतानाही चाप थोडा हलू शकतो. त्यामुळे असा भाग जाणकार शस्त्रकारानेच बसवावा, आणि नंतर रिकाम्या रायफलीवर तपासणी करावी. हॅमर चढवून, ‘सेफ’वर ठेवून चाप जोरात ओढला तर हॅमर पडता कामा नये. मग चाप सोडून दांडी ‘फायर’वर नेली, तेव्हा चापाला हात न लावता हॅमर पडला तर तो भाग बाद. तिसरी गोष्ट छोटी पण घातक: सांगाड्यावरच्या ‘सेफ’ आणि ‘फायर’ या खुणा काटकोनासाठी कोरलेल्या असतात. तिरकी थांबलेली दांडी ‘फायर’कडे पुरती बोट दाखवत नाही, आणि शेजारच्या सोबत्याचा लांबून पाहताना अंदाज चुकला तर? काही कंपन्यांचा भाग दोन्ही कोनांत बसवता येतो, रेडियनचा टॅलन हा त्यांपैकी एक. मग निवड वापरणाऱ्याच्या हाती राहते, पण एका तुकडीत दोन कोन मिसळू नयेत एवढं पथ्य पाळावं.

काही नेमबाज सांगतात की खरी सेफ्टी दांडीत नसतेच, ती चापाबाहेर ठेवलेल्या बोटात आणि नळीच्या दिशेत असते. याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. ऑलिम्पिकच्या नेमबाजीत हे तत्त्व स्वच्छ दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या खेळातल्या अनेक रायफलींवर सेफ्टीची दांडी नसते. नेमबाज बोल्ट उघडा ठेवतो आणि नळीच्या मागच्या खोबणीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालतो, म्हणजे लांबूनही दिसावं की रायफल रिकामी आहे. पण तिथे नेमबाज एका रेषेवर उभा असतो, पुढे कुणी नसतं, आणि दर गोळीला हाताने नवं काडतूस भरतो. भरलेली रायफल घेऊन गर्दीच्या गल्लीतून पळणाऱ्या शिपायाला बोल्ट उघडा ठेवता येत नाही. बोटाची शिस्त हा पहिला अडसर, दांडी दुसरा. पहिला चुकला तर दुसरा लागलेला असावा, आणि तो लागलेला असण्यासाठी लावायला सोपा हवा.

भारतात सामान्य परवानाधारकाला स्वयंचलित शस्त्रं मिळत नाहीत, त्यामुळे हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने लष्कर, निमलष्करी दलं आणि पोलिसांचा आहे. महाराष्ट्राचा त्याच्याशी थेट संबंध आहे, कारण भारतीय लष्कराची इन्सास रायफल पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेत आखली गेली. तिचा सिलेक्टर डाव्या बाजूला, मुठीच्या वर आहे. आज त्याच लष्करात एआर घराण्यातल्या सिग ७१६ रायफली आहेत, ज्यांच्या पहिल्या ७२,४०० नगांचा करार २०१९ साली झाला, आणि उत्तर प्रदेशातल्या कोरवा इथे बनणाऱ्या, उजव्या बाजूच्या पट्टीच्या एके-२०३ही आहेत. एकाच जवानाला कारकिर्दीत वेगवेगळ्या जागी असलेली, वेगवेगळ्या पद्धतीने फिरणारी सेफ्टी हाताळावी लागू शकते. नवीन शस्त्राची चाचणी घेताना अचूकता, चिखल, वाळू, थंडी यांच्यासोबत आणखी एक रकाना ठेवावा अशी माझी संबंधितांना विनंती आहे. पकड न सोडता, रायफलीकडे न पाहता, हातमोजे घालून, डावखुऱ्या आणि लहान हातांच्या स्त्री-पुरुष जवानांना सेफ्टी परत लावायला किती वेळ लागतो आणि किती वेळा ती लावायची राहून जाते, हे मोजा. आणि त्या आकड्याला खरेदीच्या निर्णयात गुण द्या.