जुगाड आला म्हणजे विमान आलं?

दर काही महिन्यांनी तोच व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरतो. शेताच्या कडेला लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर मोटारसायकलचं इंजिन, पुढे लाकडी पंखा, भोवती शिट्ट्या मारणारी पोरं. खालचा मजकूर ठरलेला: 'आठवी पास पोराने भंगारातून विमान बनवलं, सरकार मात्र उडू देत नाही.' आणि त्याखाली नागपुरातल्या निम्म्या ग्रुपवर तीच प्रतिक्रिया: 'आपल्या पोरांच्या हातात जुगाड आहे, त्यांना विमान काय कठीण!'

या वाक्याचा मला राग येतो, आणि त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुण फॅब्रिकेटरचा त्याने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत मृत्यू झाला. बातम्यांनुसार त्याने मारुती ८०० चं इंजिन वापरलं होतं. स्वातंत्र्यदिन तोंडावर होता. यंत्र जमिनीवरच असताना फिरत्या पंख्याचं पातं तुटलं आणि घाव त्याच्या डोक्यात बसला. पोरगा मेहनती होता, वेल्डिंगमध्ये हात बसलेला होता, जिद्द तर विचारूच नका. कमी पडली ती एकच गोष्ट: 'थांब, हे पातं किती भार झेलेल ते आधी मोजू' असं म्हणणारा माणूस. आपण सगळे टाळ्या वाजवत होतो.

म्हणून या एका गैरसमजाकडे नीट बघू.

आधी इंजिन. 'इंजिन ते इंजिन, गाडीचं काय न् विमानाचं काय' हे सर्रास ऐकू येतं. गाडीचं इंजिन पूर्ण ताकद देतं ते मिनिटाला ५०००-५५०० फेऱ्यांना. आता १.८ मीटर व्यासाचा पंखा थेट त्याला जोडा. ५५०० फेऱ्यांना पात्याचं टोक सेकंदाला ५०० मीटरहून जास्त वेगाने धावेल. आवाजाचा वेग नागपूरच्या उन्हात सेकंदाला साधारण ३५० मीटर असतो. टोकाने तो ओलांडला की पंखा हवा मागे ढकलण्याऐवजी नुसता किंचाळतो आणि ताकद वाया जाते. म्हणूनच छोट्या विमानांची जुन्या धाटणीची इंजिनं २७०० फेऱ्यांच्या आसपासच चालतात. हलक्या विमानांत जगभर वापरलं जाणारं ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ इंजिन ५८०० पर्यंत फिरतं खरं, पण त्याच्या गिअरबॉक्समुळे १०० अश्वशक्तीच्या नमुन्यात पंख्यापर्यंत पोहोचताना फेऱ्या २.४३ पटीने कमी होतात.

'मग आपण पट्टा नाहीतर गिअर बसवू' हा पुढचा जुगाड. खरा घोळ तिथेच सुरू होतो. सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट शाफ्टला एक पीळ देतो. पंखा जड असतो, तो त्या पिळाला लगेच साथ देत नाही. मधला शाफ्ट दर फेरीला पिळतो आणि सुटतो. एखाद्या ठरावीक वेगाला हा पीळ वाढतच जातो आणि चांगल्या पोलादाचा शाफ्ट कापल्यासारखा तुटतो. डोळ्याला हे दिसत नाही, कानाला कळेलच असं नाही. ते गणिताने आणि मोजमापानेच सापडतं. शिवाय रस्त्यावर गाडी आपली थोडीशीच ताकद वापरत असते, विमान मात्र तासन्‌तास ६५-७५ टक्क्यांवर चालतं. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि दोन स्वतंत्र प्रज्वलन यंत्रणा असतात, कारण बंद पडल्यावर बाजूला घ्यायला वर रस्ता नसतो. गाडीचं इंजिन बसवून नीट उडवणारे लोक जगात आहेत; त्यांनी या एकेका अडचणीवर वर्षं घातली आहेत.

मग नट-बोल्ट. इतवारीतल्या लोहा ओळीत ८.८ ग्रेडचा बोल्ट मिळतो आणि ताकदीत तो विमानाच्या बोल्टच्या जवळपासच असतो. मग फरक कशात? विमानाच्या बोल्टला आटे नसलेला गुळगुळीत भाग अचूक लांबीचा असतो, म्हणजे जोडातला भार आट्यांच्या खाचांवर येत नाही. आणि तो कुठल्या बॅचमधून आला, कोणत्या चाचणीतून गेला याचा कागद असतो. दुकानातल्या डब्यात वरचा बोल्ट अस्सल आणि खालचा नकली असू शकतो. 'स्टेनलेस घे, भारी असतं' हा सल्ला तर उलटाच आहे: नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा, आणि ओलावा मिळाला की शेजारचं अॅल्युमिनियम गंजवणारा. नायलॉनची कडी असलेला लॉकनट पंखात उत्तम, पण इंजिनच्या सायलेन्सरजवळ लावला तर साधारण १२० अंशांच्या पुढे ती कडी पकड सोडते.

वेल्डिंगचंही तेच. ६०६१-टी६ हे अॅल्युमिनियम सहज मिळतं आणि सहज वेल्ड होतं. पण ज्या उष्णता-प्रक्रियेने त्याला ताकद आली, ती वेल्डच्या उष्णतेने पुसली जाते आणि जोडाशेजारची ताकद जवळपास निम्म्यावर येते. वर झाळ छान चकाकते, त्यामुळे बनवणाऱ्याला वाटतं काम पक्कं झालं.

या कामात अडचण सोडवणं म्हणजे काय, ते एका छोट्या उदाहरणात बघा. सायलेन्सर धरणाऱ्या ब्रॅकेटला केसासारखा तडा गेला. जुगाडू हात तडा वेल्ड करतो, वर एक पट्टी ठोकतो. पंधरा-वीस तासांच्या उड्डाणानंतर तडा पट्टीच्या कडेला परत येतो, कारण जिथे कडकपणा अचानक बदलतो तिथेच ताण साठतो. जाणता माणूस आधी विचारतो, इथेच का? मग कळतं की इंजिनचे रबरी माउंट बसले आहेत, इंजिन खाली झुकलंय आणि पाइप ब्रॅकेटला ओढतोय. माउंट बदलला, पाइपला सरकता जोड दिला, नवा ब्रॅकेट ताण न देता बसवला, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून त्यावर रंगाची रेघ ओढली. पुढच्या तपासणीत रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला हे लगेच कळतं. आणि हे सगळं तारखेसकट लॉगबुकात लिहिलं.

कोणाला वाटेल की हे अडाण्यांसाठी आहे, कसलेल्या हाताला बदल करायला काय हरकत? अमेरिकेतला गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात विमान कोसळून गेला. ते होतं लाँग-ईझी, विमानरचनाकार बर्ट रुटानच्या नकाशांवरून दुसऱ्या एका हौशी माणसाने घरी बांधलेलं. नकाशात इंधनाचा कॉक पुढे, पायांच्या मधे होता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला. अपघाताची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीच्या अहवालात आहे की कॉक फिरवायला वैमानिकाला मागे वळावं लागे आणि वळताना विमानाची दिशा बदलणाऱ्या रडरचं उजवं पेडल दाबलं जाऊ शकत होतं. कॉकचा हात इतका अवघड जागी होता की उड्डाणाआधी पकड लावून तो लांबवता येतो का, हेही करून पाहिलं गेलं होतं. पंख, इंजिन, सांगाडा यांत खोट नव्हती. एका कॉकची जागा बदलली होती.

'राइट बंधू तरी कुठे शिकलेले होते, सायकली दुरुस्त करायचे' हे यावरचं पेटंट उत्तर. डिग्री नव्हती, खरंच. पण १९०१ साली त्यांनी स्वतः वाऱ्याचा बोगदा बांधला आणि पंखांचे २०० च्या आसपास लहान नमुने त्यात तपासले, कारण छापील आकडे त्यांना पटत नव्हते. १९०० ते १९०२ ते इंजिनाशिवाय ग्लायडर उडवत होते. इंजिन आलं ते शेवटी, १९०३ मध्ये. इतकं मोजमाप करणाऱ्या माणसांना जुगाडू म्हणू नये.

आता 'सरकार उडू देत नाही' याबद्दल. कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) नोंदणी झाली, २०१९ मध्ये उडवण्याचा परवाना मिळाला, आणि चाचणी उड्डाण झालं २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवरून. फाइल रखडली, खेटे घालावे लागले, ती तक्रार रास्त आहे. पण पहिली गोष्ट, ते स्वतः व्यावसायिक वैमानिक आहेत आणि पहिल्या प्रयत्नाला त्यांनी १९९८ च्या सुमारास हात घातला होता. दुसरी, व्हीटी-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळणं म्हणजे उडायची मुभा नव्हे. त्या दोन्हींमधली वर्षं वर दिसतातच. अमेरिकेत तर घरी बांधलेल्या विमानांना मोकळं रान आहे असं आपण समजतो. तिथेही विमान तपासलं जातं आणि मग सहसा पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच, प्रवासी न घेता उडवावं लागतं. भारतीय नियम अधिक सोपे आणि स्पष्ट व्हावेत असं मलाही वाटतं, पण तपासणीच नको असं म्हणणाऱ्याने फुलसावंगीला जाऊन यावं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं.' नाही, सेसना १७२ सारखं विमान ३०० मीटर उंचीवरून वारा नसेल तर अडीच किलोमीटरच्या वर तरंगत जातं.

'नागपूर सपाट आहे, इथे उंचीचा प्रश्न नाही.' सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३१५ मीटरवर आहे, पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की विरळ हवेमुळे विमान १५०० मीटर उंचीवर असल्यासारखं वागतं. धावपट्टी जास्त लागते, चढ कमी मिळतो. पुण्यातल्या डिसेंबरमध्ये उडालेलं विमान इथल्या दुपारी उडेलच असं नाही.

'इतक्या उष्ण गावात कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा होईल?' होतो, आणि तो जुलै-ऑगस्टमध्ये. बाहेर २५ अंश आणि हवा दमट असताना पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटरमधलं तापमान वीस-वीस अंशांनी उतरतं, आणि थ्रॉटल कमी केलेला असताना धोका सर्वांत जास्त.

'पंपावरचं पेट्रोल चालतं.' आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं. रोटॅक्स १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतं. इथेनॉल पाणी शोषतं, जुने रबरी सील खातं, काही फायबरग्लास टाक्यांचं रेझिनही मऊ करतं. शिवाय गरम इंजिनजवळून गेलेल्या नळीत पेट्रोल उकळून वाफेचा बुडबुडा अडकतो. नवा पंप बसवून तो जात नाही, नळी लांबून न्यावी लागते आणि तिला उष्णतारोधक आवरण चढवावं लागतं.

'फायबरचं विमान आवडेल त्या रंगात रंगवा.' घरी जमवलेलं इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतं. विदर्भाच्या उन्हात गडद रंगाचा पंख तेवढा सहज तापतो. ही विमानं पांढरी असतात ती याचसाठी.

'तळपदेंनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर वैमानिक शास्त्र या ग्रंथावरून विमान उडवलं होतं.' बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो ग्रंथ तपासला: तो १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत.

ज्या पोराला खरंच हे करायचंय, त्याच्यासाठी. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरातच आहे, मिहानमध्ये प्रवासी विमानांची दुरुस्ती होते, सोनेगावला नागपूर फ्लाइंग क्लब आहे. विमान देखभाल अभियंत्याचा अभ्यासक्रम बारावी विज्ञाननंतर करता येतो. इंजिनाशिवाय उडणं शिकायचं तर पुण्यात हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग केंद्र आहे. आणि घरीच सुरुवात करायची असेल तर दीड मीटरचं रेडिओवर चालणारं मॉडेल बांधा, त्याचा गुरुत्वमध्य पुढे-मागे सरकवून कुठे काय बिघडतं ते पाहा, आणि प्रत्येक उड्डाणानंतर काय बदललं ते वहीत लिहा.