क्रीडा हंगाम आणि सामन्यांची संख्या

भीमाकाठच्या शिरूर व दौंड तालुक्यांत कबड्डी, खो-खो, कुस्ती व क्रिकेट हे खेळ आवडीने खेळले जातात. मात्र सर्व खेळांच्या हंगामात सामन्यांची संख्या सारखी नसते. यामागील कारणे ध्यानी घेतल्यास ग्रामीण स्पर्धांचे नियोजन अधिक न्याय्य होऊ शकेल.

पहिले कारण म्हणजे शरीरावर पडणारा ताण. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या जोरदार टकरी होत असल्याने संघ सामान्यतः आठवड्यातून एकदाच खेळतो. तेथील राष्ट्रीय लीगमध्ये २०२१ पासून प्रत्येक संघाच्या वाट्याला साखळीतील १७ सामने येतात. याउलट बेसबॉलमध्ये टकरी कमी असून चेंडूफेक करणारे खेळाडू आळीपाळीने उतरविता येतात. म्हणून प्रमुख लीगमधील संघ हंगामात १६२ सामने खेळू शकतो.

दुसरे कारण वेळेचे. रणजी करंडकाचा साखळी सामना चार दिवस चालतो. पुरुषांच्या कबड्डीचा प्रत्यक्ष खेळ २० मिनिटांच्या दोन डावांत पुरा होतो. २०२४ च्या प्रो कबड्डी हंगामात प्रत्येक संघाने २२ साखळी सामने खेळले, ते यामुळेच शक्य झाले.

तिसरे आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे स्पर्धेची पद्धत. आठ गावांचे संघ असतील तर बाद पद्धतीत केवळ ७ सामन्यांत विजेता ठरतो. परंतु चार संघ एकेक सामना खेळूनच घरी परततात. साखळी पद्धतीत प्रत्येकाला ७ सामने मिळतात, मात्र एकूण २८ सामने भरवावे लागतात.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी होतात. तेथे बाद पद्धतीमुळे वेळ व खर्च वाचतो. पण वर्षभर सराव केलेल्या मुलामुलींचा हंगाम एका पराभवाने संपतो. गावपातळीवर ही उणीव भरून काढता येईल. आठ संघांचे दोन गट करून गटात साखळी व पुढे उपांत्य आणि अंतिम सामने ठेवल्यास एकूण १५ सामने होतात आणि प्रत्येक संघास किमान ३ सामने खेळावयास मिळतात. कबड्डी, खो-खोसारख्या अल्पावधीच्या खेळांसाठी पावसाळा संपल्यापासून वार्षिक परीक्षेपर्यंतचे काही रविवार त्यास पुरेसे आहेत.

करंडक एकाच गावास मिळतो. खेळण्याची संधी मात्र सर्वांना देता येते. ग्रामपंचायती व शिक्षकांनी कार्यक्रम आखताना याचा विचार अवश्य करावा.