एक फोटो आणि पाऊण तासाचं भाषण

यूट्यूबवर नुसता आवाज चढवता येत नाही. एमपीथ्री फाइल दिली तर ती घेतली जात नाही, सोबत काहीतरी दिसायला लागतं. आमच्या वाचनालयाच्या कपाटातल्या वसंत व्याख्यानमालेच्या कॅसेटी लोकांना ऐकवायच्या ठरल्या, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. कॅसेटी बहुतेक ९० मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला पाऊण तास. त्या काळी व्हिडिओ कोण काढणार? फार तर वक्त्याचा एखादा फोटो असतो: गळ्यात हार, टेबलावर तांब्याभांडं, मागे मंडळाचा फलक.

तेवढा फोटो पुरतो. आधी टेपचं हेड स्पिरिटने पुसायचं, टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला जोडायची आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये आवाज भरून घ्यायचा. पुढचं काम एफएफएमपेग करतो. २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलेला हा प्रोग्रॅमही मोफत आहे. त्याला बटणं नाहीत. एका ओळीत हुकूम टाइप करायचा. हा फोटो पुन्हापुन्हा दाखव, ही ध्वनिफीत जोड, आणि दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथे थांब. शेवटची सूचना विसरायची नाही. फोटोला शेवट नसतो, त्यामुळे संगणक डिस्क भरेपर्यंत व्हिडिओ बनवत बसेल.

फाइल प्रचंड होईल, अशी भीती अनेकांना वाटते. सेकंदाला २५ चित्रं धरली तर पाऊण तासात ६७,५०० चित्रं होतात. पण व्हिडिओ प्रत्येक चित्र पुरतं साठवत नाही. आमच्या दाखलनोंद वहीत एकाच लेखकाची पुस्तकं ओळीने आली, की नाव एकदाच लिहून खाली 'वरीलप्रमाणे' करतात, तसंच इथे चालतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र, बाकी सगळं वरीलप्रमाणे. त्यामुळे जागा लागते ती मुख्यतः आवाजाला. १२८ किलोबिटच्या दर्जाला पाऊण तासाचं भाषण सुमारे ४३ एमबीत बसतं. सेकंदाला एकदोनच चित्रं ठेवली तर काम आणखी लवकर उरकतं.

कुणी सुचवतं, फोटो जरा हलता ठेवा, हळूहळू चेहऱ्याजवळ न्या. अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि माहितीपटात ती शोभतेही. पाऊण तासाच्या भाषणाला मात्र नको. ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं, शिवाय प्रत्येक चित्र बदलल्यामुळे फाइल फुगते.

एक गोष्ट नवख्याला हमखास अडवते. फोटोची रुंदी किंवा उंची विषम पिक्सेलची असेल, समजा १३६५, तर प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. नेहमीच्या व्हिडिओत चार पिक्सेलच्या चौकोनामागे रंगाची एकच नोंद असते, म्हणून दोन्ही मापं सम लागतात. एक पिक्सेल कापला की भागतं.

जुने फोटो बहुधा उभे असतात आणि पडदा आडवा. चेहरा ताणू नका, कापूही नका. १९२० बाय १०८० ची काळी पाटी घ्या, फोटो एका बाजूला ठेवा आणि उरलेल्या जागेत वक्ता, विषय, तारीख, गाव आणि कॅसेटचा क्रमांक लिहा. या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. फाइलचं नाव बदलतं, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरताना सोबतचा मजकूर गळून पडतो. चित्रावर लिहिलेलं मात्र आवाजाबरोबर राहतं. कुणाचं भाषण, कुठलं, हे कळत नसेल तर दहा वर्षांनी ते कोण ऐकणार?

परवानगीचंही पाहावं लागतं. भाषणावर सहसा बोलणाऱ्याचा हक्क असतो आणि तो निधनानंतरही ६० वर्षं टिकतो. तेव्हा वारसांना विचारा, फोटो काढणाऱ्यालाही विचारा.

आणि व्हिडिओ झाला म्हणून मूळ ध्वनिफीत पुसू नका. न दाबलेली वेव्ह फाइल स्टीरिओत मिनिटाला सुमारे १० एमबी खाते, खाऊ द्या. ती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. व्हिडिओ पुन्हा कधीही करता येईल, पण झिजलेली कॅसेट दुसऱ्यांदा नीट वाजेलच असं नाही.