नाचालाही गाव असते

"मास्तर, पोराला शाळेत घातलं ते शिकायला. तिथं त्याला नाचायला कशाला लावता?"

हा प्रश्न आम्हाला पुष्कळ वेळा विचारला गेला. आम्ही अनेक वर्षे शाळेत हेडमास्तर होतो. गॅदरिंग जवळ आले की कोणी तरी बाप हा प्रश्न घेऊन दारात उभा राहायचाच. प्रश्न चुकीचा नाही. म्हणून त्याचे उत्तर आज नीट देतो.

नाच आपल्या घरातच आहे

आधी आपल्याच घरात पाहा. श्रावणात मंगळागौरीला बाया झिम्मा-फुगडी खेळतात. नवरात्रात पोरी हत्तीभोवती फेर धरून भोंडला खेळतात. लग्नानंतर घरात गोंधळ घालतात. जत्रेत हलगी कडाडली की तरणी पोरे लेझीम घेऊन उतरतात. वाघोलीहून आळंदी काही दूर नाही. तिथे वारकरी टाळ घेऊन पावली खेळतात. आपण त्याला नाच म्हणत नाही इतकेच. पण पाय तालावर पडतो आणि दहा माणसे एका ठेक्यात हलतात, तो नाचच की!

प्रत्येक समाजाचा असा एक नाच असतो. त्याची वेळ ठरलेली, वाद्य ठरलेले, कारणही ठरलेले. शाळेत हे सारे शिकवता येते. पण कसे शिकवावे, हे महत्त्वाचे आहे.

वाघोलीत कोण कोण आले

आमची वाघोली पूर्वी लहान गाव होती. वाघेश्वराचे देऊळ, पिलाजी जाधवरावांची समाधी, शेती आणि दगडखाणी, ही तिची ओळख. खाणीवर दगड फोडायला लांबून लांबून माणसे आली. पुढे कारखाने आले, इमारती आल्या. २०२१ साली गाव पुणे महानगरपालिकेत गेले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे पडली. तेव्हा भारतीय जैन संघटनेने बाराशे मुले पुण्याला आणली. त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय वाघोलीत झाली. त्यानंतर मेळघाटातील आणि ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मुलेही तिथे शिकायला आली.

म्हणजे पाहा, एकाच गावात मराठवाड्याचे पोर, खाणीवरच्या मजुराचे पोर आणि मेळघाटातले कोरकू पोर. प्रत्येकाची बोली वेगळी, सण वेगळा, नाचही वेगळा. कोरकू भाषेत नाचाला सुसून म्हणतात. होळी हा त्यांचा फार मोठा सण. तेव्हा ढोल आणि बासरी वाजते आणि गावेच्या गावे नाचतात. अशा मुलाला तू फक्त आमचे शीक, तुझे विसर, असे आपण म्हणणार काय?

आमची चूक

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी होतो आणि हेडमास्तरकी नवी होती. गॅदरिंगला आम्ही 'आदिवासी नाच' बसवला. मुलांच्या तोंडाला काजळी फासली. कमरेला आंब्याचे डहाळे बांधले. डोक्यात कोंबड्याची पिसे खोवली. मुले हू हू करून उड्या मारू लागली. लोक पोट धरून हसले. टाळ्या पडल्या. आम्हीही खूश झालो.

त्या शाळेत एक वारली मुलगा होता. त्याचे आईबाप गावाबाहेरच्या वीटभट्टीवर कामाला होते. तो पहिल्या रांगेत बसून हे सारे पाहत होता. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने आम्ही भट्टीवर गेलो. बाप विटा रचत होता. हात न थांबवता तो म्हणाला, "गुरुजी, आमच्यात असं कुनी नाचत न्हाई."

एवढेच बोलला. आम्हाला उत्तर सुचले नाही. आम्ही तिथेच विटांवर बसलो आणि विचारले, "मग कसं नाचता, ते सांगा की."

तारपा

त्याने सांगितले ते असे. त्यांच्या नाचाचे वाद्य तारपा. वाळलेला दुधी भोपळा पोकळ करतात. त्याला बांबूच्या नळ्या जोडतात. पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा लावतात. सांधे मेणाने बंद करतात. तारपा वाजवायला छातीत दम लागतो, कारण सूर मध्येच तुटून चालत नाही.

शेतातले भात घरात आले की रात्री तारपा वाजतो. वाजवणारा मध्ये उभा राहतो. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात. तो वळेल तसा फेर वळतो. त्याने चाल बदलली की पावलेही बदलतात. त्यात हू हू नाही आणि काजळीही नाही.

डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे हे वारली चित्रकार. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. वारली चित्रांत माणसांची गोल गोल रांग असते ना, तो हाच नाच. शहरातले लोक ते चित्र भिंतीवर लावतात. पण त्या नाचामागची माणसे कोण, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

तो मुलगा मात्र पुन्हा शाळेत आला नाही. उन्हाळ्याअखेर भट्टी बंद झाली आणि ती माणसे आपल्या गावी गेली.

लेझीम आपलीच, पण…

नाचाचा इतिहास म्हणजे काय, ते लेझमीवरून कळेल. लेझीम आपण अगदी आपली समजतो. दिल्लीत १९८२ साली आशियाई खेळ झाले, तेव्हा सांगलीच्या मुलांनी तिथे लेझीम खेळून दाखवली. पण हा शब्द आला फारसी भाषेतून. धनुष्याचा सराव करण्यासाठी जे सैल धनुष्य असे, त्याला हे नाव होते. त्याला दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावून तालमीत मेहनत करत. त्या मेहनतीला ताल मिळाला आणि तिचा खेळ झाला.

आणखी एक गोष्ट. हलगीवाचून लेझीम रंगत नाही. ही हलगी गावोगाव बहुधा मातंग समाजाच्या माणसाने वाजवली. त्याच्या ठेक्यावर सारे गाव नाचले. पण त्याचे घर मात्र गावाने गावकुसाबाहेर ठेवले. मुलांना लेझीम शिकवताना हेही सांगितले पाहिजे. नुसती पावले शिकवून भागत नाही.

मुलींनी नाचावे का

"पोरगी नाचली तर लोक काय म्हणतील?" हीसुद्धा एक भीती असते. तिचे कारण आपल्याला ठाऊक आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाईंचा तमाशा लोकांनी गर्दी करून पाहिला. पण तमाशात नाचणाऱ्या बाईला नावे ठेवणारेही तेच लोक. यात दोष नाचाचा नव्हे, पाहणाऱ्याच्या नजरेचा.

बंगालमध्येही असेच होते. चांगल्या घरची मुलगी तिथे नाचत नसे. १९१९ साली कवी रवींद्रनाथ ठाकूर सिल्हेटला गेले. तिथे त्यांनी मणिपुरी नाच पाहिला. तो त्यांना इतका आवडला की नाच शिकवणारे गुरू त्यांनी शांतिनिकेतनच्या आपल्या शाळेत आणवले. दुसऱ्या प्रांताचा नाच अशा रीतीने बंगाली मुले शिकली.

आपल्याकडे साने गुरुजींनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. एका प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकावी, त्याची कला जाणावी, म्हणजे माणसे जवळ येतील, असे त्यांचे म्हणणे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने हे करून दाखवले. त्यात कवी वसंत बापट होते. 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' अशा कार्यक्रमांतून मुलामुलींनी ठिकठिकाणचे नाच आणि गाणी लोकांपुढे मांडली.

आपण काय करावे

तुमच्या मुलाच्या शाळेत नाच बसवला जाईल, तेव्हा मास्तरांना चार गोष्टी विचारा. हा नाच कोणाचा? तो केव्हा नाचतात? कशासाठी नाचतात? आणि त्या समाजातल्या कोणाला विचारले का?

चौथा प्रश्न सगळ्यांत मोठा. गोंधळासारखे काही नाच देवकार्याचे असतात. ते रंगमंचावर करावे की नाही, हे ज्यांचे त्यांनाच विचारावे. तुमच्या गल्लीत कोणी हलगी वाजवणारा असेल, कोणी ढोल वाजवणारा असेल, तर त्याला शाळेत बोलवायला सांगा. त्याला खुर्ची द्या, चहा द्या. त्याचे पोर वर्गात बसलेले असेल. आपल्या बापाला सारी शाळा गुरुजी म्हणते आहे, हे ते पोर पाहील. त्या दिवशी त्याला शाळा आपली वाटेल.

आम्ही हे उशिरा शिकलो. भट्टीवरच्या त्या बापाला आम्ही गॅदरिंगच्या आधी विचारले असते, तर त्याचे पोर शाळेत राहिले असते. तुमच्या शाळेत तरी आधी विचारा.