जुना कीबोर्ड ओळखायचा कसा?

कीबोर्डची जात ठरते कळीखालच्या खटक्यावरून. वरच्या टोप्या बदलता येतात, पेटी दुसरी बसवता येते, पाठीवरचे स्टिकर तर कुणीही चिकटवते. पण कळ दाबल्यावर विजेचा संपर्क कसा जुळतो हे कारखान्यातच ठरून येते आणि सहसा कुणी बदलत नाही. या खटक्याला बाजारात स्विच म्हणतात. जुना बोर्ड कोणत्या काळातला, कोणत्या घराण्यातला आणि ठेवण्यालायक आहे का, या तिन्ही प्रश्नांचे शेवटचे उत्तर स्विचच देतो. तिथपर्यंत पोचण्याआधी बाहेरच्या काही खुणा वाचाव्या लागतात, एवढेच.

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावात जुना कीबोर्ड सापडण्याच्या जागा साधारण ठरलेल्या असतात. पतसंस्थेचा माळा, शाळेची संगणक खोली, लग्नपत्रिका छापणारा प्रेस, झेरॉक्सचे दुकान, टायपिंग इन्स्टिट्यूट आणि सगळ्यांच्या शेवटी भंगारवाल्याची गाडी. परदेशातले संग्राहक ज्या आयबीएमच्या बोर्डांसाठी जीव टाकतात ते इथे क्वचित दिसतात. दिसतो तो पिवळट पडलेला, हलका, नाव नसलेला बोर्ड. शंभरातले बहुतेक असेच. मधूनच मात्र एखादा जड, कळ दाबताच ‘टक्’ करणारा बोर्ड हाती लागतो आणि तो बहुधा टीव्हीएस गोल्ड निघतो.

पाहणीची सुरुवात पाठीवरून करावी. तिथल्या स्टिकरवर मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि कधी कधी सरळ तारीखच असते. तारीख नसेल तर चार आकडी संख्या शोधावी. कारखान्यांची जुनी रीत अशी की पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. ९२२३ म्हणजे १९९२ सालचा तेविसावा आठवडा. पेटी उघडली तर आतल्या चिपवरही अशीच संख्या सापडते. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला कधी छोटे वर्तुळ आणि त्यात बाण उठवलेला असतो. तो साच्याचा शिक्का असून त्यावरून पेटी कोणत्या साली, कोणत्या महिन्यात ओतली ते कळते. या तिघांत चिपवरची संख्या जास्त विश्वासाची, कारण स्टिकर निघतो आणि पेट्या अदलाबदल होतात. बोर्ड अर्थात चिपच्या तारखेनंतर तयार झालेला असतो, आधी नाही.

यानंतर वायरचे टोक पाहावे. पाच पिनांचा जाड गोल प्लग म्हणजे बहुधा १९८०च्या किंवा ९०च्या दशकातला बोर्ड. सहा पिनांचा बारीक गोल प्लग आयबीएमने १९८७ साली पीएस टू या संगणकमालिकेबरोबर आणला आणि पुढे दोन दशके तोच चालला. त्याला जांभळा रंग देण्याची पद्धत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रुळली. यूएसबी त्यानंतरची. जाड प्लगमध्ये एक फसगत आहे. आयबीएमचा १९८१चा पहिला पीसी व त्यानंतरचा एक्सटी यांचा कीबोर्ड आणि १९८४च्या एटीचा कीबोर्ड यांचे प्लग सारखे, पण संगणकाशी बोलण्याची त्यांची भाषा वेगळी. एकाचा बोर्ड दुसऱ्याला लावला की काहीच उमटत नाही आणि चांगला बोर्ड ‘बंद आहे’ म्हणून फेकला जातो. काही बोर्डांच्या पोटाला ‘एक्सटी’ आणि ‘एटी’ असे दोन बाजूंना सरकणारे बटण असते. आधी ते सरकवून पाहावे.

कळींची मांडणीही काळ सांगते. पहिल्या पीसीच्या बोर्डावर ८३ कळी होत्या. फंक्शनच्या दहा कळी डाव्या कडेला उभ्या दोन रांगांत, आणि कॅप्स लॉक चालू आहे की बंद हे दाखवणारा दिवाच नाही. एटीला ८४ कळी आणि दिवे आले. आज ज्याला आपण नेहमीचा कीबोर्ड म्हणतो, म्हणजे वर बारा फंक्शन कळी, मध्ये बाणांच्या कळी आणि उजवीकडे आकड्यांचा चौकोन, ती १०१ कळींची मांडणी आयबीएमने १९८०च्या दशकाच्या मध्यावर रूढ केली. विंडोजची खूण असलेली कळ दिसली तर बोर्ड १९९४च्या आधीचा असणे शक्य नाही. रुपयाचे ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. ते ज्या कळीवर छापलेले आहे तो बोर्ड कितीही मळका दिसला तरी त्यानंतरचाच.

देवनागरी अक्षरे छापलेली असतील तर त्यांची रचनाही वाचावी. ‘के’च्या कळीवर ‘क’ असेल तर ती इनस्क्रिप्ट रचना. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ती ठरवली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने संगणकात बसवायच्या जिस्ट नावाच्या कार्डातून ही रचना डॉसच्या काळातल्या संगणकांवर वापरात आणली. ‘क’ तिथे नसेल आणि अक्षरांचा क्रम जुन्या टंकलेखन यंत्रासारखा असेल तर तो बोर्ड टायपिस्टांसाठी काढलेला. टायपिंगची मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस काढलेल्या माणसाची बोटे ज्या जागांना सरावलेली, त्या जागा मोडायला प्रेसवाले आणि कार्यालये तयार नव्हती. म्हणून दोन्ही रचना आपल्याकडे शेजारीशेजारी नांदल्या. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टंकलेखन यंत्र काढले. शिरवळच्या कारखान्यातले त्याचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. यंत्र गेले, त्याची अक्षररचना संगणकात उरली.

आता टोपी काढायची. बोर्डाचा आधी फोटो काढून ठेवावा, नाहीतर परत बसवताना कंस आणि स्वल्पविराम कुठे होते ते आठवत नाही. सुरुवात क्वचित वापरल्या जाणाऱ्या कळीपासून करावी. स्क्रोल लॉक त्यासाठी उत्तम. कागदांना लावायच्या दोन यू-पिना सरळ करून त्यांची टोके आत वळवावीत, टोपीच्या दोन समोरासमोरच्या कडांखाली घालावीत आणि टोपी सरळ वर ओढावी. तिरपी ओढली की दांडा मोडतो. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट या लांब कळींखाली तोल राखणारी तार असते, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

निघालेली टोपी उलटी करून पाहावी. अक्षर आतूनही वेगळ्या रंगाच्या प्लास्टिकचे दिसले तर ती दोनदा ओतलेली टोपी. तिचे अक्षर कधीच पुसले जात नाही. अक्षर नुसते वरून छापलेले असेल तर ते ‘ए’ आणि ‘ई’वर हमखास उडालेले असते. प्लास्टिक कोणते हेही घरी तपासता येते. पेलाभर पाण्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत ढवळून त्यात टोपी टाकावी आणि आतला हवेचा बुडबुडा काढावा. एबीएस नावाचे नेहमीचे प्लास्टिक तरंगते. पीबीटी हे जास्त टणक प्लास्टिक बुडते. एबीएस वापराने चकचकीत आणि उन्हाने पिवळे होते. पीबीटीचा खरखरीतपणा वर्षानुवर्षे टिकतो.

टोपीखाली काय दिसते त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. पोकळ नळी आणि तिच्याखाली मऊ रबराची वाटी असेल तर तो रबरी डोमचा बोर्ड. त्यात दोन पातळ प्लास्टिकच्या चादरींवर वाहक शाईच्या रेषा असतात आणि मध्ये भोके पाडलेली तिसरी चादर. कळ दाबली की वाटी खचते, वरची चादर भोकातून खालच्या चादरीला टेकते आणि अक्षर उमटते. बनवायला स्वस्त म्हणून नव्वदच्या दशकात याने बाजार व्यापला. रबर वयाने कडक होते, मग कळी जड लागतात. असा बोर्ड चालत असेल तर वापरावा. जपून ठेवण्यासारखे त्यात सहसा काही नसते.

टोपीखाली गोल नळी आणि तिच्या आत उभी स्प्रिंग दिसली तर मात्र हात आवरता घ्यावा, कारण तो आयबीएमचा बोर्ड असू शकतो. इथे कळ दाबली की स्प्रिंग दबत जाते आणि एका क्षणी कमरेतून वाकते. वाकताना ती खालच्या छोट्या पट्टीला हेलकावा देते आणि त्याच क्षणी ‘टण्’ असा आवाज होतो. बोटाला जो धक्का जाणवतो, कानाला जो आवाज येतो आणि संगणकाला जो संदेश जातो, ते तिन्ही एकाच घटनेतून निघतात. टंकलेखन यंत्रावर वाढलेल्या बोटांना हा बोर्ड आवडला यात नवल नाही. १९८१च्या मॉडेल एफमध्ये ही पट्टी विद्युतधारकतेतला बदल घडवते, तर १९८५च्या सुमाराच्या मॉडेल एममध्ये ती प्लास्टिकच्या चादरींवर आपटते. म्हणजे चादरी दिसल्या की बोर्ड स्वस्तातला, हे समीकरण इथे चुकते. मॉडेल एमच्या आतली आधाराची पाटी पोलादी असते, वजन दोन किलोंच्या वर जाते आणि पेटीचे चार स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्यांना साडेपाच मिलिमीटरचा षट्कोनी पाना लागतो. पाठीवर १३९१४०१ हा आकडा असेल तर ते त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप. दोष एकच: आतले प्लास्टिकचे रिव्हेट वयाने तुटतात. बोर्ड हलवला आणि आत काही खुळखुळले तर तेच.

टोपीखाली अधिक चिन्हासारखा दांडा दिसला तर स्विच चेरीचा किंवा त्याच्या नकलेचा. चेरी ही मूळची अमेरिकन कंपनी. तिचा एमएक्स हा स्विच १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात आला आणि पुढे जर्मनीतून जगभर गेला. कळीचा प्रवास चार मिलिमीटरचा, संपर्क साधारण निम्म्या वाटेवर. दांड्याचा रंग स्वभाव सांगतो. काळा आणि लाल सरळ खाली जातात. तपकिरी मध्ये हलका अडखळतो. निळा अडखळतो आणि आवाजही करतो. निळ्याचा दांडा दोन तुकड्यांचा असतो. निळ्या दांड्याभोवती एक पांढरे कडे सैल बसवलेले असते, ते ठरावीक जागी सुटून खाली आदळते आणि ‘टक्’ होते. कळ हळूहळू दाबून कान लावला तर हा आवाज तळाला टेकण्याआधी येतो, हे स्पष्ट कळते.

मूळ पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कारखान्यांनी हाच साचा उचलला आणि रंगही तेच ठेवले. त्यामुळे ‘निळा स्विच आहे’ एवढ्यावर चेरी ठरत नाही. स्विचच्या वरच्या झाकणावर कंपनीचे नाव उठवलेले असते. ते भिंगाखाली वाचावे, आणि एकाच कळीवर न थांबता दोनचार कळी काढून पाहाव्यात, कारण दुरुस्तीत मधलेच स्विच बदललेले असू शकतात.

टीव्हीएस गोल्डची पारख इथेच होते. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा हा बोर्ड बँकांच्या काउंटरवर, रेल्वेच्या तिकीट खिडकीत आणि डीटीपीच्या टेबलावर वर्षानुवर्षे बडवला गेला. निळ्या एमएक्स स्विचमुळेच त्याचे नाव झाले. पण गोल्ड हे नाव बोर्डाचे आहे, स्विचचे नाही. पाठीवर गोल्ड लिहिले म्हणून आत चेरीच असेल असे धरून चालू नये. झाकणावरचे नाव वाचून मगच पैसे मोजावेत. टोप्या एबीएसच्या असल्याने चकाकलेल्या असतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण त्या बदलता येतात.

दांड्याच्या जागी आडवी चौकोनी खाच असेल तर घराणे जपानच्या आल्प्सचे. १९८७चा ॲपलचा एक्सटेंडेड कीबोर्ड याच कुळातला. त्याचा गोल प्लग चार पिनांचा असतो, पीसीला लागत नाही. आल्प्सचे नवे स्विच फार सुखद होते, पण ते धूळ सहन करत नाहीत. विदर्भातल्या दोनचार उन्हाळ्यांत उघडा पडलेला आल्प्सचा बोर्ड कळ दाबताना खरखरतो आणि ती खरखर पुरती जात नाही. यांशिवाय चुंबकावर चालणारे स्विचही होते. हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागाने ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणले. त्यांत झिजणारा संपर्कच नाही. ते मोठ्या यंत्रणांच्या टर्मिनलांत गेले, गावाकडच्या माळ्यावर सापडण्याची शक्यता जवळपास नाही.

नुसत्या आवाजावरून बोर्ड ओळखण्याची हौस अनेकांना असते. ती विश्वासाची नाही. रिकाम्या पेटीत स्वस्त स्विचही मोठ्याने वाजतो आणि ओलसर धूळ बसलेला चांगला स्विच मुका होतो.

बोर्ड ओळखल्यावर तो लावून पाहताना संगणक बंद ठेवावा. पीएस टू प्लग चालू संगणकात लावण्या-काढण्यासाठी बनवलेला नाही. यूएसबीचे स्वस्तातले नुसते टोक जुन्या बोर्डाला बहुधा चालत नाही. आत चिप असलेला रूपांतरक घ्यावा लागतो, आणि एक्सटी बोर्डाला त्याहून वेगळा. माळ्यावरचा जड बोर्ड भंगारात किलोने देण्याआधी एक टोपी काढून खाली पाहावे आणि पाठीवरचा नंबर कागदावर उतरवून घ्यावा. त्याला पाच मिनिटे पुरतात.