सीमाभागातील मिशन आणि हातचा हुन्नर

गोव्यात बांधकामावर राबणाऱ्या मजुरांत कलबुर्गी, यादगीर, विजापूर या भागांतून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. ही माणसे हौसेने गाव सोडत नाहीत. कलबुर्गी आणि बिदर हा तुरीचा, कोरडवाहू शेतीचा मुलूख. तूर घरात आली की ज्याची जमीन थोडी, किंवा मुळीच नाही, त्याच्या हाताला गावात काम उरत नाही. हंगामावर अवलंबून नसलेला एखादा हुन्नर घरात असेल तर निदान बायकामुलांना मागे राहता येते. तेथील ख्रिस्ती मिशनांच्या धंदेशिक्षणाचा विचार येथून सुरू करावा लागतो.

या भागाचे मराठीशी नाते जुने आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे जिल्हे हैदराबादेत होते. औराद, भालकी, बसवकल्याण या तालुक्यांत आजही मराठी सर्रास बोलली जाते. निजामाच्या अमलातील याच गुलबर्ग्यात १९१२ साली पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती शाळा सुरू केली आणि तिची धुरा कन्या मनोरमाबाईंवर सोपविली. रमाबाईंचा जन्मही कर्नाटकातलाच, १८५८ सालचा, पश्चिम घाटातील गंगामूळचा. केडगावच्या मुक्तिमिशनमुळे त्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत; गुलबर्ग्याचा हा धागा मात्र फारसा कोणी आठवत नाही.

केडगावचे काम दुष्काळातून वाढले. आईवडील आणि बहीण यांचा मृत्यू उपासमारीच्या दिवसांत ओढवल्याने दुष्काळ म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून निराधार मुली व विधवा आणल्या. इतक्या स्त्रियांना बसवून खाऊ घालणे शक्य नव्हते आणि रमाबाईंना ते मान्यही नव्हते. म्हणून शिवण, विणकाम, तेलघाणी, दुग्धशाळा, धुलाई असे उद्योग आवारात उभे राहिले. त्यांतला सर्वांत धीट प्रयोग छापखान्याचा. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही तोवर पुरुषांची मानलेली कामे तेथे स्त्रिया करू लागल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात तयार झाले. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा ते पाहायला ना रमाबाई होत्या, ना मनोरमाबाई.

मिशनांना उद्योग काढावे लागले याचे आणखी एक कारण आपल्या डोक्यावरच आहे. मंगळुरी कौले गोव्याच्या घराघरांवर आहेत. त्यांचा जेप्पू येथील पहिला मिशन कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला. ख्रिस्ती झालेल्या माणसाला जात बाहेर टाकी, त्याबरोबर जातीचा धंदाही जाई. त्याला दुसरे काम देणे मिशनला भागच होते. पण यातून नवे परावलंबन आले. मजुरी, उपासना आणि अडीनडीचा आधार या सर्वांसाठी एकाच दाराशी जावे लागे. मिशनांच्या कार्याचे गुणगान करणाऱ्यांनी ही बाजू झाकू नये.

धर्मांतराचा आक्षेपही नवा नाही. १८९३ मध्ये पुण्यातील शारदासदनावर तो आला, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाजूला झाले आणि अनेक मुलींना घरी नेण्यात आले. कर्नाटकाच्या २०२२ च्या धर्मांतरविरोधी कायद्यात नोकरी आणि धार्मिक संस्थेच्या शाळेतील मोफत शिक्षण यांचाही ‘आमिषा’त समावेश होता. पुढे २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. श्रद्धा बदलण्याच्या अटीवर दिलेले शिक्षण हे आमिषच, यात शंका नसावी. परंतु बिनशर्त शिकवलेले शिवणकाम त्याच तराजूत घातले, तर नुकसान शिवणयंत्रावर बसलेल्या बाईचे होते.

गुलबर्गा धर्मप्रांत २००५ मध्ये स्थापन झाला. हुमनाबादची ‘ऑर्बिट’ ही त्याची समाजकार्य करणारी संस्था असून बचतगटांतील स्त्रिया तिच्या कामाच्या केंद्रस्थानी आहेत. अशा कामात शिकवण्यापेक्षा पुढचा टप्पा अवघड असतो. एका खेड्यात वीस जणी शिवण शिकल्या, तर ब्लाउज कोणाचे शिवायचे? यंत्रासाठी कर्ज, वीज, दोरा, बाजाराला जाण्याचे भाडे वजा जाता दिवसाकाठी शेतमजुरीइतके तरी हाती पडले पाहिजे. शाळांच्या गणवेशांची मागणी आधी ठरवून घेतली किंवा हुमनाबादसारख्या बाजाराच्या गावी सामाईक गाळा घेतला, तर हे जमू शकते. तसे झाले नाही, तर प्रमाणपत्र ट्रंकेत पडून राहते आणि तूर निघाल्यावर बाई नवऱ्याबरोबर गोव्याची गाडी धरते.