दुपारपर्यंत शरद, दुपारनंतर हिवाळा

रशियातल्या खेड्यांत १४ ऑक्टोबरला, म्हणजे पोक्रोव्हच्या सणाला, जुनी माणसं आधी वारा बघत. उत्तरेचा असला तर हिवाळा कडक, दक्षिणेचा असला तर सौम्य. मग नजर झाडांकडे जाई. बर्च आणि ओकची पानं पार झडली असतील तर वर्ष सोपं जाणार. फांद्यांवर रेंगाळली असतील तर थंडी हाडं गोठवणार. व्लादिमीर दाल यांनी १८६२ साली छापलेल्या म्हणींच्या प्रचंड संग्रहात ही अटकळ सापडते. आपल्या सहदेव-भाडळीच्या कुळातलीच ही मंडळी.

सण मुळात चर्चचा. कॉन्स्टँटिनोपलच्या एका चर्चमध्ये मेरीमातेने भक्तांवर आपलं वस्त्र पांघरलं, ही त्यामागची कथा. पण शेतकऱ्याने ते पांघरूण थेट बर्फाचं करून टाकलं. बर्फाने भुई झाकावी तसं आपलंही डोकं नवरीच्या ओढणीने झाकलं जावं, असं साकडं उपवर मुली या दिवशी घालत. सुगी आटोपलेली, कोठारं भरलेली. लग्नं उरकायला याहून बरा काळ कुठला?

कापणीचा शेवट त्याआधीच, उन्हाळा सरताना झालेला असे. राय कापायचं काम मुख्यतः बायकांचं, तेही विळ्याने आणि दिवसचे दिवस वाकून. शेवटचा झुबका मात्र कापायचा नाही. उभ्या ताटांना पीळ घालून त्यांची ‘दाढी’ वळायची आणि तिच्याशी भाकरी-मीठ ठेवायचं. ही दाढी कुठे गुरांचा जुना देव व्होलोस याची, कुठे एलिया किंवा निकोलस या संतांची. पोलंडच्या काही भागांत याच झुबक्याला ‘लावी’ म्हणत आणि फुलांनी सजवत. त्यानंतरचा विधी मला सगळ्यांत खरा वाटतो: बायका त्या टोचऱ्या धसकटांवर लोळण घेत आणि शेताला सांगत, आमची घेतलेली ताकद परत दे. कंबरदुखीचा इतका रोखठोक हिशेब दुसऱ्या कुठल्या पूजेत क्वचितच असेल.

शेवटची पेंढी वाजतगाजत घरी येई आणि देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात उभी राही. पोक्रोव्हला ती सोडून गुरांना चारत, कारण गुरं हिवाळ्यासाठी गोठ्यात बांधायची वेळ हीच. मला वाटतं, या दिवसाचं मोल इथे आहे. अटकळ भाकीत म्हणून लंगडीच. पानगळ ठरते ती सरत्या दिवसमानावर आणि होऊन गेलेल्या हवेवर. जानेवारीत काय होणार हे झाडाला ठाऊक नसतं. पण चारा पुरेल का, सरपण किती साठलंय, भिंतींच्या फटी बुजल्या का, हे विचारायला एक ठरलेला दिवस मिळे.

मात्र तो दिवस जागचा हलतो. जुनं जुलियन पंचांग सोळाव्या शतकात ऋतूंच्या आजच्या हिशेबापेक्षा १० दिवस मागे होतं. आता १३ दिवस आहे. म्हणजे चर्चचा १ ऑक्टोबर तेव्हा आपल्या ११ ऑक्टोबरला यायचा, आता १४ ला येतो. युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चने २०२३ मध्ये सुधारित पंचांग स्वीकारलं आणि तिथला पोक्रोव्हा सरळ १ ऑक्टोबरवर आला. त्या तारखेला कीव्हमधली झाडं बरीचशी पानांनी भरलेली असतात. दालची अटकळ तिथे लावायची तर दरसाल कडक हिवाळाच निघेल.